जुन्या मालट्रकसाठी इंजिन-तेलाच्या दाटपणाची निवड : धाराशिव जिल्ह्यातील वापराच्या संदर्भात

प्रस्तावना

गळीत हंगाम सुरू झाला, की कळंब तालुक्यातील रांजणी असो वा उमरगा तालुक्यातील मुरूम, साखर कारखान्यांच्या दिशेने उसाने भरलेल्या वाहनांच्या रांगा लागतात. या रांगांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांबरोबरच पंधरा-वीस वर्षे वापरलेले, एकदा-दोनदा इंजिन बांधून घेतलेले मालट्रकही असतात. वाहतूकदार कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करतो, उचल घेतो, मुकादमामार्फत मजुरांची टोळी आणतो. हंगामाच्या मध्यावर इंजिन बसले, तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या बिलापुरते राहत नाही. टोळी फडात बसून राहते, तोडलेला ऊस वाळतो आणि उचलीचा हिशेब पुढच्या वर्षावर जातो. म्हणूनच इंजिनात कोणते तेल घालावे, हा वरवर पाहता गॅरेजमधला किरकोळ वाटणारा प्रश्न ग्रामीण अर्थव्यवहाराशी थेट जोडलेला आहे.

या प्रश्नाचे उत्तर महामार्गालगतच्या गॅरेजांमध्ये बहुधा एका वाक्यात मिळते : गाडी जुनी झाली, आता जाड ऑईल घाला. हा सल्ला पूर्णतः चूक नाही. परंतु तो जेवढा सरसकट दिला जातो, तेवढा खराही नाही. तेलाचा दाटपणा नेमके काय करू शकतो व काय करू शकत नाही, याचे पदार्थविज्ञानाच्या आधारे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डब्यावरील आकड्यांचा अर्थ

द्रवाच्या वाहण्याला त्याच्या अंतर्गत घर्षणामुळे जो विरोध होतो, त्यास श्यानता म्हणतात. बोलीभाषेतील ‘जाड’ आणि ‘पातळ’ हे शब्द तिचेच निदर्शक होत. इंजिन-तेलाची श्यानतेनुसार प्रतवारी करण्याची पद्धत अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स’ या संस्थेने १९११ मध्ये सुरू केली. डब्यावर छापलेली ‘एस.ए.ई.’ ही अक्षरे त्या संस्थेच्या नावाची आद्याक्षरे आहेत.

‘१५डब्ल्यू-४०’ या लेखनातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी नावावरून आले आहे. त्याआधीचा आकडा थंडीतील वर्तन दर्शवितो, तर नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानाच्या तेलाची श्यानता कोणत्या पट्ट्यात आहे हे सांगतो. ३० या प्रतीचा पट्टा ९.३ ते १२.५, ४० चा १२.५ ते १६.३ आणि ५० चा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक असा आहे. हे आकडे म्हणजे तापमानाचे अंश आहेत, असा गैरसमज सुशिक्षितांमध्येही आढळतो. तो दूर होणे आवश्यक आहे.

पहिल्या आकड्याविषयी थंड देशांत फार चर्चा होते आणि ती तेथे योग्यच आहे. १५डब्ल्यू या प्रतीच्या तेलाची, ते पंपाने खेचले जाते की नाही हे पाहणारी चाचणी उणे २५ अंशांना आणि २०डब्ल्यूची उणे २० अंशांना घेतली जाते. धाराशिव, तुळजापूर किंवा भूममध्ये जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरला तरी शून्याजवळ जात नाही. त्यामुळे या जिल्ह्यातील वाहनाला १५डब्ल्यू की २०डब्ल्यू हा प्रश्न जीवनमरणाचा नाही. दोन्ही तेले पंपाने सहज उचलली जातात. कॅनडा किंवा उत्तर अमेरिकेतील अनुभवावर आधारलेले सल्ले जसेच्या तसे मराठवाड्यात लावण्यात अर्थ नाही, तो याच कारणाने.

तथापि, पहाटेचा विचार सर्वस्वी सोडून देता येत नाही. १०० अंशांना १४.७ सेंटिस्टोक असणारे सर्वसाधारण १५डब्ल्यू-४० तेल १५ अंशांना सुमारे ४४० सेंटिस्टोक होते, तर १०० अंशांना १८.५ असणारे २०डब्ल्यू-५० तेल त्याच तापमानाला सुमारे ७५० पर्यंत जाते. (दोन तापमानांची श्यानता ठाऊक असल्यास मधली वा बाहेरची काढण्याचे जे प्रचलित सूत्र आहे, त्याने हे अंक येतात, प्रत्यक्ष तेलागणिक त्यांत थोडा फरक पडेल.) म्हणजे सेल्फ मारल्यानंतर तेल वरच्या रॉकरपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. तेल फार दाट असल्यास फिल्टरची बायपास झडप उघडते आणि ते काही काळ न गाळताच बेअरिंगकडे जाते. फडातल्या धुळीत राबणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

दाब आणि तेलाचा पडदा

जुन्या इंजिनातील ऑईल-प्रेशर उतरले की चालक घाबरतो आणि जाड तेल घातल्यावर काटा वर आला की निश्चिंत होतो. येथेच मुख्य गोंधळ आहे. दाबमापकाचा काटा पंपाने तेल पुरविताना होणारा विरोध दाखवितो. क्रँकशाफ्टला बेअरिंगपासून वेगळे ठेवणारा दाब निराळा असतो. इंग्लंडमध्ये १८८३ साली बोशॅम्प टॉवर यांनी रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग केले. तेलासाठी पाडलेले भोक त्यांनी लाकडी गुडदीने बंद केले असता फिरत्या दांड्याने ती गुडदी पुन्हा पुन्हा बाहेर ढकलली. दांडा फिरत असतानाच तेलाच्या पातळ थरात मोठा दाब आपोआप निर्माण होतो, हे त्यातून उमगले. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. या थराची जाडी तेलाची श्यानता आणि दांड्याची गती यांबरोबर वाढते व भार वाढला की घटते. पंपाचे काम एवढेच, की त्या थराला तेल कमी पडू नये.

बेअरिंगमधील फट झिजेने वाढली की तेल बाजूने निसटते. हा निसटता प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो व श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात घटतो. पंप दर फेऱ्याला ठरावीकच तेल देत असल्यामुळे फट रुंदावली की दाब त्याच वेगाने कोसळतो. फट सव्वापट झाली तर दाब जवळजवळ निम्मा होतो. दुप्पट झाली तर एक-अष्टमांश उरतो. आता ४० ऐवजी ५० प्रतीचे तेल घातले असता काय होते, ते पाहावे. १४.७ वरून १८.५ म्हणजे श्यानता सव्वापटीहून किंचित अधिक झाली. घनमूळ काढल्यास ही वाढ फटीतील केवळ ८ टक्के वाढीची भरपाई करते. मूळ फट ०.०८ मिलिमीटर धरली, तर ही भरपाई मिलिमीटरच्या सहा-सात हजारांश भागांची झाली. त्याहून अधिक झीज झालेल्या बेअरिंगला जाड तेल वाचवू शकत नाही. काटा मात्र थोडा वर आणून मालकाचे समाधान करते.

हे गणित अर्थातच सोपे करून मांडलेले आहे. प्रत्यक्ष इंजिनात तेल कॅमशाफ्ट, रॉकर, टर्बोचार्जर अशा अनेक वाटांनी निसटते, पंपही झिजलेला असतो आणि वेगात असताना दाबनियंत्रक झडप उघडून काटा एका जागी स्थिर ठेवते. म्हणूनच वेगात दिसणारा दाब फसवा असतो. इंजिन पूर्ण तापलेले असताना, बेताल्या फेऱ्यांवर दाब किती आहे, हाच खरा पुरावा होय. तोही गाडीतील जुन्या विजेच्या काट्यावर न पाहता गॅरेजमधील यांत्रिक दाबमापक लावून पाहावा.

थराच्या जाडीच्या या नियमाचा आणखी एक व्यावहारिक अर्थ निघतो. सोलापूरकडून येणारा भरलेला ट्रक तुळजापूरचा घाट चढू लागला, की काही चालक डिझेल वाचविण्याच्या समजुतीने वरच्याच गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवतात. भार कमाल आणि फेरे किमान, अशी बेअरिंगच्या दृष्टीने सर्वांत वाईट अवस्था तेव्हा येते. वेळीच गिअर उतरवून फेरे दीडपट केले, तर मिळणारे संरक्षण तेलाची एक प्रत वाढवून मिळणाऱ्या संरक्षणापेक्षा अधिक असते, शिवाय त्यास पैसे पडत नाहीत.

तापमान : विसरला जाणारा घटक

तेलाची प्रत १०० अंशांना ठरते, पण बेअरिंगमधील तेल १०० अंशांवर थांबत नाही. वरील सूत्रानेच पाहिल्यास १५डब्ल्यू-४० तेल ११० अंशांना सुमारे ११.७ सेंटिस्टोक असते आणि २०डब्ल्यू-५० तेल १२० अंशांना ११.६ सेंटिस्टोक. म्हणजेच दहा अंशांची उष्णता तेलाची एक अख्खी प्रत खाऊन टाकते. मे महिन्यात बालाघाटच्या या पठारावर दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. त्यातच रेडिएटरच्या जाळीत उसाचे पाचट, कडब्याचा भुसा व धूळ बसलेली, पंख्याचा पट्टा सैल आणि थर्मोस्टॅट काढून टाकलेला किंवा अडकलेला, अशी स्थिती असेल तर ५० प्रतीचे महाग तेल घालून पदरात काहीच पडत नाही. ज्या गाडीचा दाब केवळ उन्हाळ्यात उतरतो आणि हिवाळ्यात ठीक असतो, तिचा रेडिएटर आधी आतून-बाहेरून धुऊन घेणे हा पहिला उपाय ठरतो. बहुतेक ठिकाणी तो शेवटी केला जातो, हे खेदाने नमूद करावे लागते.

तेल आपोआप पातळ होते तेव्हा

कारखान्याच्या आवारात वजनकाट्यासमोर तासन्‌तास उभे राहणे हा ऊस वाहतुकीचा अटळ भाग आहे. रांग इंचाइंचाने सरकत असल्याने, किंवा बॅटरी कमजोर असून पुन्हा सेल्फ लागेल याची खात्री नसल्याने, काही चालक इंजिन बंदच करत नाहीत. बेताल्या फेऱ्यांवर दीर्घकाळ चालणाऱ्या डिझेल इंजिनात ज्वलन अपुरे होते. न जळलेले डिझेल झिजलेल्या पिस्टन-रिंगांजवळून खाली तेलात उतरते. नोझल टपकत असल्यास हे प्रमाण आणखी वाढते. तेलात ५ टक्के डिझेल मिसळले, तर १४.७ सेंटिस्टोकचे तेल साधारण १२ वर येते, म्हणजे ४० प्रतीचे तेल डब्याबाहेर ३० प्रतीचे होऊन बसते. अशा इंजिनात जाड तेल ओतणे म्हणजे गळक्या रांजणात घागरी ओतणे आहे. येथे दुरुस्ती नोझल व डिझेल पंपाची हवी.

याची एक फसवी खूण सांगितली पाहिजे. जुनी गाडी थोडेफार ऑईल खातेच. एखादा मालक अभिमानाने सांगतो, की आपली गाडी थेंबभरही खात नाही, पट्टीवरची पातळी महिनाभर हलत नाही. पुष्कळदा तेथे जेवढे तेल जळते तेवढेच डिझेल त्याची जागा घेत असते. पट्टीवरील पातळी चढत असेल, तर शंकेला जागाच उरत नाही. (पाणी उतरूनही पातळी चढते, परंतु तेव्हा तेल दुधाळ होते.)

उलट, काजळीने तेल दाट होते. अतितापाने झालेल्या ऑक्सिडीकरणानेही ते दाट होते. बहुप्रतीच्या तेलांत तापमानानुसार दाटपणा सांभाळण्यासाठी जे बहुवारिक मिसळलेले असते, त्याचे लांब रेणू गिअरच्या दातांत व बेअरिंगमध्ये तुटतात आणि तेल पुन्हा पातळ होते. ४० या एकप्रती तेलात असे बहुवारिक नसते, म्हणून जुने मिस्त्री त्याची शिफारस करीत, आणि त्यामागे अनुभव होता. परंतु त्या तेलांतील स्वच्छकारक व काजळी विखुरणारी द्रव्ये बहुधा जुन्या मानकांची असतात, त्यामुळे आजच्या घडीला तो पर्याय फारसा उपयुक्त ठरत नाही. एकूण पाहता वापरलेले तेल बोटांनी चोळून जाड की पातळ हे सांगणे अविश्वसनीय होय. त्याचा काळा रंगही काही सिद्ध करीत नाही. डिझेल इंजिनात ताजे तेल काही तासांत काळे होते आणि काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.

या ठिकाणी महाविद्यालयीन प्रयोगशाळांचा विचार मनात येतो. पडत्या गोळीवरून श्यानता काढण्याचा स्टोक्सचा प्रयोग एरंडेल किंवा ग्लिसरीन घेऊन वर्षानुवर्षे केला जातो. ताज्या इंजिन-तेलावर तो करता येईल. वापरलेल्या काळ्या तेलात मात्र गोळी दिसतच नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील रेडवुड श्यानतामापकात ठरावीक तेल वाहून जाण्यास लागणारा वेळ मोजतात, तेथे रंगाची अडचण येत नाही. एका ट्रकचे ताजे तेल आणि तेच तेल पाच हजार किलोमीटरनंतर, एवढ्या दोन नमुन्यांची तुलनाही विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील एरंडेलापेक्षा अधिक काही शिकवून जाईल. उपकरण नसल्यास टीपकागदावर तेलाचा थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहावे : काजळी एकसारखी पसरली असेल तर तेलात जीव आहे, मध्ये गडद ठिपका आणि भोवती स्वच्छ कडे असेल तर काजळी विखुरण्याची शक्ती संपली आहे, कडेने डिझेलचे फिकट वलय दूरवर गेले असेल तर कारण वर सांगितलेच आहे.

प्रत आणि मानक

श्यानतेच्या आकड्यांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व डब्याच्या मागील बाजूस लहान अक्षरांत छापलेल्या ‘ए.पी.आय.’ मानकाला आहे. त्यातील ‘सी’ ने सुरू होणारी मानके डिझेल वाहनांची व ‘एस’ ने सुरू होणारी पेट्रोल वाहनांची. सीएफ-४ हे मानक १९९० चे, सीएच-४ हे १९९८ चे, सीआय-४ हे २००२ चे आणि सीके-४ हे डिसेंबर २०१६ मध्ये आलेले. दुकानात २०डब्ल्यू-५० मागितले असता पुष्कळदा पेट्रोल गाडीचे किंवा मोटारसायकलचे तेल हाती पडते. आकडा तोच असल्यामुळे ग्राहक समाधानाने परततो; परंतु डिझेलची काजळी पेलण्याची क्षमता त्या तेलात असेलच असे नाही. पाठीवर ‘सी’ मानक नसलेले ५० प्रतीचे तेल घालण्यापेक्षा सीआय-४ मानकाचे १५डब्ल्यू-४० कधीही चांगले.

डिझेलमधील गंधकाचाही येथे संबंध पोहोचतो. २००० साली देशातील डिझेलमध्ये २,५०० पीपीएमपर्यंत गंधक चालत असे. भारत स्टेज-६ लागू झाल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, ही मर्यादा १० पीपीएम आहे. गंधकापासून बनणारे आम्ल मारण्यासाठी जुन्या तेलांत अल्कलीचा मोठा साठा लागे. तो आता तितका लागत नाही. त्यामुळे जुन्या ट्रकमध्येही सीके-४ चे तेल निर्धोकपणे चालते. मात्र त्याच वेळी आलेले एफए-४ हे मानक हेतुपुरस्सर पातळ ठेवलेल्या तेलांचे आहे. ते नव्या, काटेकोर फटींच्या इंजिनांसाठी असून जुन्या इंजिनात घालू नये.

निवडीचा व्यवहार

जुनी गाडी म्हणजे किती किलोमीटरची, असा प्रश्न येथे साहजिकच विचारला जाईल. त्याला फारसा अर्थ नाही. एक तर अनेक जुन्या ट्रकांचा किलोमीटर-काटा बंद पडलेला असतो. दुसरे म्हणजे सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग-उमरग्यावरून सरळ धावलेले चार लाख किलोमीटर आणि फड ते काटा अशा खेपांत काढलेले दोन लाख किलोमीटर यांत दुसऱ्या गाडीचे इंजिन अधिक झिजलेले असण्याचा संभव मोठा. तेल बदलण्याची मुदतही अशा गाडीला किलोमीटरवर न ठरवता चाललेल्या तासांवर किंवा भरलेल्या डिझेलवर ठरविणे अधिक न्याय्य. डिझेलच्या पावत्या मालकाकडे असतात. त्यांवरून हा हिशेब सहज निघतो.

तापलेल्या इंजिनाचा बेताल्या फेऱ्यांवरील दाब उत्पादकाच्या पुस्तिकेतील किमान मर्यादेच्या वर असेल आणि तेलाची भर माफक लागत असेल, तर गाडी कितीही जुनी असो, पुस्तिकेतील प्रतच, बहुधा १५डब्ल्यू-४०, चालू ठेवावी. जाड तेल घुसळण्यात इंजिनाची शक्ती खर्च होते. दिवसाला ६० लिटर डिझेल जाळणाऱ्या ट्रकमध्ये एक टक्का वाढ म्हणजे रोज अर्ध्या लिटरहून अधिक. विनाकारण घातलेल्या जाड तेलाची किंमत अशा रीतीने हंगामभर भरावी लागते.

दाब किमान मर्यादेच्या काठावर आला आहे, निळसर धूर आहे, ब्रीदरमधून वाफा जोरात येतात, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते, आणि तेलाची भर वाढली आहे, अशी गाडी २०डब्ल्यू-५० ची उमेदवार ठरते. मात्र त्याआधी रेडिएटर, नोझल आणि दाबमापक या तिन्हींची तपासणी झालेली असावी. डिझेल मानकाचे २०डब्ल्यू-५० भरल्यावर तीन नोंदी ठेवाव्यात : तापल्यावरचा दाब, हजार किलोमीटरला लागणारी भर, आणि पहाटे सेल्फ मारल्यापासून काटा हलेपर्यंतचा वेळ. पहिल्या दोहोंत सुधारणा दिसली नाही, तर पुढच्या बदलाला पुन्हा ४० वर यावे. झिजलेल्या रिंगा व व्हॉल्व्ह-गाइडमधून होणारे तेलाचे नुकसान जाड तेलाने काहीसे घटते, हे खरे. दाबाबाबत मात्र त्याची मर्यादा वर गणिताने दाखविली आहे.

दाब मर्यादेच्या खालीच राहतो किंवा खालून ठोक्याचा आवाज येतो, तेव्हा प्रश्न तेलाचा उरत नाही. तरीही जानेवारीत, अर्धा हंगाम शिल्लक असताना, वाहतूकदार ५० चे तेल भरून गाडी पुढे रेटतो. फक्त दाब उतरला असेल आणि ठोका नसेल, तर भार कमी ठेवून, घाट टाळून काही आठवडे असे काढता येतात आणि त्याच्या अडचणी पाहता त्याला दोष देणेही कठीण आहे. ठोका सुरू झाल्यावर मात्र एक-एक खेप क्रँकशाफ्टवर चरे पाडीत जाते आणि काही शेकड्यांच्या बेअरिंगचे काम शाफ्ट घासण्यावर, कधी बदलण्यावर जाते. अनेक ट्रक-इंजिनांत इंजिन न उतरविता, खालचा चेंबर सोडून, बेअरिंगचे पाळे तपासता येतात. त्यांवरील करडा मुलामा जाऊन खालचा तांबूस थर दिसू लागला असेल, पण शाफ्टवर नख अडकेल असा चरा नसेल, तर त्याच मापाची नवी बेअरिंगे बसवून, तेलाचा पंप तपासून, त्या इंजिनात पुन्हा १५डब्ल्यू-४० भरता येते.